पिस्टन-स्टॉप : एमजीबीचे टॉप डेड सेंटर आणि टॅपेट सेटिंग

ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांना मिळणारा चौदा मिलिमीटर आट्यांचा पिस्टन-स्टॉप, म्हणजे स्पार्क प्लगच्या भोकात बसवून पिस्टनला अडवणारे साधन, मी नागपुरात माझ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीवर वापरतो. त्याविषयी सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण विक्रेते तो व्हॉल्व्ह सेटिंगचे (टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातील फट लावण्याचे) साधन म्हणून विकतात आणि त्याचा खरा उपयोग मात्र दुसऱ्याच कामात आहे : टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची क्रँकची नेमकी जागा (पुढे नुसते ‘टॉप’), शोधण्यात. साधन चांगले आहे. ते कशासाठी घ्यावे हे समजून घेतले पाहिजे.

रचना अगदी साधी आहे. प्लगच्या जागी बसणारा पोलादी नळीसारखा भाग, त्यातून आत जाणारी आट्यांची सळई आणि ती हवी तेवढी पुढे काढून घट्ट करण्यासाठी लॉकनट, एवढेच त्याचे भाग. हे साधन पिस्टनला वर पोहोचू देत नाही, थोडे आधीच अडवते, आणि त्याच्या अचूकतेचे कारणही हेच आहे. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिमी आहे आणि कनेक्टिंग रॉड साडेसहा इंचांचा आहे. या मापांवरून हिशेब केला, तर क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) टॉपच्या आधी किंवा नंतर पाच अंशांवर असताना पिस्टन टॉपपासून जेमतेम ०.२ मिमी खाली असतो, आणि दोन अंशांवर हे अंतर ०.०५ मिमीपेक्षाही कमी भरते. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर किंवा सायकलची तार घालून ‘आता वर आला’ असे ठरवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिच्यात एवढा सूक्ष्म फरक हाताला कळणे शक्य नाही. शिवाय या इंजिनात प्लग बाजूने तिरका बसत असल्यामुळे तार पिस्टनवर सरळ उभी राहतच नाही. याउलट टॉपपासून तीस अंश दूर असताना क्रँक एक अंश फिरला, की पिस्टन सुमारे अर्धा मिलिमीटर सरकतो. तेथे तो सळईला टेकल्याची जागा नेमकी धरता येते.

म्हणून सर्व प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या जागी हे साधन बसवावे आणि इंजिन हाताने हळू फिरवून पिस्टन सळईला टेकवावा. टायमिंग कव्हरवरच्या काट्यासमोर क्रँकच्या पुलीवर खडूने बारीक खूण करावी, मग इंजिन उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवावा आणि तेथेही तशीच खूण करावी. दोन खुणांमधील कमानीचा बरोबर मध्य म्हणजे टॉप डेड सेंटर. पुलीच्या परिघावर एक अंश म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर अंतर असल्याने मध्य काढताना कागदी चिकटपट्टी परिघावर लावून तीच दुमडणे सर्वांत सोपे पडते. माझ्या पुलीवरील मूळ खाच या मध्याशी जुळली आणि त्या खाचेवर विश्वास ठेवण्यास आता मला आधार आहे. ज्या पुलीची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने जोडलेली असते, तेथे रबर म्हातारे झाल्यावर कडी सरकू शकते. मग स्ट्रोब लाइट (चालू इंजिनात ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) कितीही महाग असला, तरी तो चुकीचेच टायमिंग दाखवतो. सुरुवातीच्या एमजीबीत स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद असताना लावलेली ठिणगीची वेळ) टॉपच्या आधी दहा अंशांवर असते. खूणच पाच अंशांनी खोटी असेल, तर निम्मा हिशेब बिघडला. या तपासणीसाठी पिस्टन-स्टॉपला माझे पूर्ण गुण आहेत.

टॅपेटचे काम वेगळे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. यांपैकी कोणता टॉप आला, हे पिस्टन-स्टॉप सांगत नाही. ते रॉकर पाहूनच कळते : दोन्ही रॉकर सैल असतील तर कॉम्प्रेशन, आणि एक मिटत असताना दुसरा उघडू लागला असेल तर ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्टचा टॉप. डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचे) झाकण काढून रोटर पहिल्या प्लगच्या वायरकडे आहे का, हेही पाहता येते. शिवाय गॅप मोजताना टॉप इतका अचूक लागतही नाही. एमजीबीच्या मूळ कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) इनटेक व्हॉल्व्ह तळबिंदूनंतर ५६ अंशांवर मिटतो आणि एक्झॉस्ट पुढच्या तळबिंदूच्या ५१ अंश आधी उघडतो, म्हणजे कॉम्प्रेशनच्या टॉपच्या दोन्ही बाजूंना शंभराहून अधिक अंश दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. त्या मधल्या पट्ट्यात चार-पाच अंश इकडे-तिकडे झाल्याने ०.०१५ इंचाच्या फिलर गेजला (फट मोजण्याच्या पातळ पट्टीला) काहीही फरक पडत नाही.

त्याहून सोपी रीत नागपूरच्या जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. अँबॅसेडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे इंजिन हे दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचेच. त्यामुळे ज्यांनी सरकारी अँबॅसेडरवर आयुष्य काढले, त्यांना एमजीबीचे हेड परके वाटत नाही. आठही व्हॉल्व्ह पुढून क्रमाने मोजायचे. सीताबर्डीतील एका मिस्त्रींनी मला एका वाक्यात सांगितले, “भाऊ, आठवा पूर्ण दाबला की पहिला बघायचा, बेरीज नऊ झाली पाहिजे.” सहावा उघडला की तिसरा, चौथा उघडला की पाचवा, सातवा उघडला की दुसरा, आणि पुढे याच जोड्या उलट. या रीतीत टॉप शोधावाच लागत नाही. हे काम शिकू इच्छिणाऱ्याने अशा मिस्त्रीजवळ एक सकाळ बसावे, असे मी आग्रहाने सांगेन. हे ज्ञान अँबॅसेडरबरोबर रस्त्यावरून जाऊ नये.

आता साधनाच्या बांधणीविषयी. मला आलेल्या नगाच्या आट्या स्वच्छ होत्या आणि प्लगच्या भोकात तो हाताने सहज बसला. सळईचे टोक मात्र सपाट आणि कडा धारदार होत्या. तिरक्या प्लगमुळे अशी कड पिस्टनच्या माथ्यावर ओरखडा काढू शकते, म्हणून हिंगणा एमआयडीसीतील एका लेथवाल्याकडून टोक गोल करून घेतले आणि सळईत हवा निघण्यासाठी बारीक भोकही पाडून घेतले. सोबत सूचनापत्रक नव्हते, ही मोठी उणीव आहे, कारण साधन बसवलेले असताना कोणी स्टार्टर मारला तर पिस्टनला भोक पडू शकते. बॅटरीची वायर आधी काढून ठेवावी आणि इंजिन हाताने हळूच फिरवावे, कारण एका टेकण्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना व्हॉल्व्ह उघडतो आणि तो सळईला अडू शकतो.

गॅपच्या बाबतीत नागपूरकरांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ०.०१५ इंच हे माप थंड इंजिनाचे आहे, आणि मे महिन्यात दुपारच्या उन्हात उभी असलेली गाडी न चालवताही थंड नसते. गाडी रात्रभर सावलीत ठेवून ऊन चढण्याआधी रॉकर कव्हर उघडावे.

खरेदी करताना प्लगच्या आट्यांची लांबी १९ मिमी असलेल्या हेडला पुरेल इतकी सळई आत जाते का आणि लॉकनट सोबत आहे का, हे दोन्ही पाहून घ्यावे. ज्यांना फक्त टॅपेट लावायचे आहेत, त्यांनी हे पैसे चांगल्या फिलर गेजवर आणि रॉकर कव्हरच्या नव्या गॅस्केटवर खर्च करावेत.