सर्न ओपन डेटा पोर्टल: फुकट आहे, पण लॅपटॉप दणकट हवा

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दोन महिने वापरलं म्हणून लिहितोय. जिनिव्हाच्या सर्नने (कणभौतिकीची युरोपीय प्रयोगशाळा) हे पोर्टल 2014 मध्ये सुरू केलं, एलएचसी या त्यांच्या महाकाय यंत्रात कण एकमेकांवर आदळवतात, त्या खऱ्या टकरींचा डेटा, फी नाही काही नाही, म्हणजे घाना असो, नेपाळ असो की आपलं नांदेड, कोणीही उघडायचं आणि कामाला लागायचं. सीएमएसचा (एलएचसीतल्या टकरी टिपणारं एक यंत्र) 2010 चा पहिला साठाच 27 टीबीच्या आसपास आहे, तो अख्खा उतरवायच्या भानगडीत पडू नका (माझ्या नेटने पहिल्याच रात्री मान टाकली). आधी दोन म्युऑनवाली (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) छोटी सीएसव्ही फाइल घ्या, पायथनमध्ये इनव्हेरियंट मासचा (दोन्ही म्युऑन ज्या कणातून आले त्याचं वस्तुमान) हिस्टोग्राम काढा, 91 जीईव्हीजवळ (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) झेड बोसॉन या कणाचं शिखर उभं राहतं ना, अंगावर काटा येतो राव! त्या सीएमएसच्या आउटर हॅड्रॉन कॅलरीमीटरवर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्था) काम केलंय, हे मला सरांनी सांगितल्यावर कळलं. पुढे डॉकर आणि रूट (सर्नचं डेटा तपासायचं सॉफ्टवेअर) शिकावं लागतं, तिथे माझी दमछाक झाली. आणि डेटा मिळाला तरी शेजारी बसून समजावणारं माणूस मिळत नाही, त्यासाठी इटलीत ट्रिएस्टच्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा वर्षभराचा डिप्लोमा बघा, तो विकसनशील देशांतल्या पोरांसाठीच आहे, स्कॉलरशिपसकट. पोर्टलला 5 पैकी 4.