लिनियन सोसायटी, लंडन : बॉटनी केलेल्यांनी जावंच, बाकीच्यांनी बघा बुवा

आधीच सांगून टाकते, हे म्युझियम नाहीये. पिकॅडिलीवर बर्लिंग्टन हाऊस आहे, रॉयल अकॅडमीची चित्रं बघायला जिथे गर्दी असते ना, तिथेच कमानीजवळ यांचं दार, आणि बहुतेक लोक त्याच्यासमोरून तसेच पुढे जातात. पोरांना डायनासोर बघायचे असतील तर सरळ साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला न्या, इथे दहा मिनिटांत भुणभुण सुरू होईल.

ही 1788 ची विद्वानांची संस्था, सजीवांचं वर्गीकरण हा मूळ विषय. पण मेंबर नसलात तरी आधी बुक करून संग्रहाची टूर करता येते. आपण सगळ्यांनी अकरावीला मँजिफेरा इंडिका, म्हणजे आंब्याचं शास्त्रीय नाव, घोकलंय, तर ते नाव 1753 मध्ये छापणाऱ्या कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाचा स्वतःचा संग्रह इथे तळघरात आहे.

आता माणूस स्वीडनचा आणि सामान लंडनला कसं, तर तो किस्सा भारी आहे. लिनियस 1778 ला गेला, पाच वर्षांनी मुलगाही गेला, मग घरच्यांनी संग्रह विकायला काढला. इंग्लंडमधला बडा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सला विचारलं तर त्याने स्वतः न घेता जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या 24 वर्षांच्या मेडिकलच्या पोराला सांगितलं तू घे, आणि त्या पठ्ठ्याने वडिलांच्या पैशाने 1000 गिनींना (गिनी म्हणजे तिथलं जुनं सोन्याचं नाणं) सगळं उचललं. स्वीडनच्या राजाने संग्रह नेणाऱ्या जहाजामागे युद्धनौका सोडली वगैरे जे सांगतात ती निव्वळ दंतकथा. स्मिथनेच पुढे ही सोसायटी काढली, पण मरताना संग्रह तिला फुकट नाही दिला हं, 1829 मध्ये सोसायटीला तो 3150 पौंडांना विकत घ्यावा लागला आणि ते कर्ज कित्येक वर्षं फेडत बसली बिचारी.

तळघरातली स्ट्राँगरूम म्हणजे जाड दार, थंड कोरडी हवा, चारी बाजूंनी कपाटं. वाळवलेली झाडं असणार हे माहीतच होतं, मला वेड लावलं ते माशांनी. मासा उभा चिरून अर्धी बाजू सोलायची, दाबून वाळवायची आणि चक्क कागदावर चिकटवायची, हर्बेरियम शीटसारखी, म्हणजे वाळवलेलं झाड कागदावर डकवतात ना, तशी! खवले, पर, सगळं जागच्या जागी. सोललेल्या सुक्या बांगड्याचं अर्धुक वहीत डकवलंय असं वाटतं, फक्त वास नाही. शिवाय गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत लिनियसने स्वतः तयार करवलेले मोतीही आहेत.

वर मीटिंग रूममध्ये जॉन कोलियरने काढलेलं म्हाताऱ्या डार्विनचं मोठं चित्र आहे. 1 जुलै 1858 ला डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस या दुसऱ्या निसर्गशास्त्रज्ञाचे निसर्गनिवडीवरचे, म्हणजे उत्क्रांती कशी होते त्यावरचे, लेख याच सोसायटीत वाचले गेले, पण या खोलीत नाही, तेव्हाची जागा आता रॉयल अकॅडमीकडे आहे, त्यामुळे इथे उभं राहून भारावून वगैरे जाऊ नका. दोघेही लेखक त्या दिवशी हजर नव्हते, आणि अध्यक्षांनी नंतर वर्षाचा आढावा घेताना म्हटलं की यंदा काही क्रांतिकारी शोध लागले नाहीत. धन्य!

बायकांना फेलो म्हणजे सभासद करून घ्यायला 1904 उजाडलं, आणि त्यासाठी अर्जावर अर्ज करणाऱ्या मॅरियन फार्कुहर्सनलाच पहिल्या खेपेला नाकारलं, 1908 ला घेतलं तेव्हा ती आजारी होती. लिनियसने माणसांचेही रंगावरून, स्वभावावरून कप्पे पाडले होते, त्यात आपण आशियाई लोक उदास आणि ताठर. त्याबद्दल सोसायटीने आता वेबसाइटवर सरळ लिहिलंय, हे मला आवडलं.

भारतातल्या झाडांसाठी जाणार असाल तर थांबा. ईस्ट इंडिया कंपनीचा, वॉलिच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमवलेला वाळवलेल्या झाडांचा प्रचंड संग्रह (हर्बेरियम) 1832 मध्ये या सोसायटीलाच मिळाला होता, पण 1913 ला तो लंडनच्याच क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाला गेला, त्यामुळे तिकडे विचारा. आणि घरबसल्या बघायचं असेल तर लिनियसच्या शीट्सचे फोटो यांच्या साइटवर फुकट आहेत, झूम करून पानाच्या शिरा मोजता येतात. अक्षर मात्र बारीक, भाषा लॅटिन आणि शेजारी समजावणारं कोणी नाही, एक स्टार त्याचाच कापलाय. 5 पैकी 4.