विषमता: पुस्तकातली आणि हर्णै बंदरावरची

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला विषमता पुस्तकातून शिकवावी की बंदरावर? पुस्तक शब्द देतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता वेगळ्या करून दाखवल्या. तेवढं वाचलं की नजर तयार होते. पण संध्याकाळी कोकणातल्या हर्णैच्या मासळी लिलावाला उभं राहा. वाळूवर म्हावऱ्याचे ढीग, भोवती व्यापारी, मागे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, नि खलाशी, पाटी घेऊन भाव पाडणाऱ्या बायका. डिझेल-बर्फाचा खर्च वजा झाला की वाटे पडतात, आणि होडीचा, म्हणजे मालकाचा, वाटा वेगळा! समुद्र सगळ्यांना एकच, कमाई नाही. महाडला मात्र उलटं. १९२७ च्या सत्याग्रहाचं चवदार तळं नुसतं बघून कळत नाही, आधी वाचावंच लागतं. तरी मी पोरांना पहिल्यांदा बंदरावरच नेते.