68,700 रुपये गेले आणि घरात आले 2012 चे टायर

आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय. 11 मार्च 2025 ला 30,000 आणि 14 मार्चला 38,700, एकूण 68,700 रुपये. हे घरात अजून फक्त बायकोला माहीत आहे. लिहायची लाज वाटते, पण असला विक्रेता माझ्यानंतर अजून कुणाला तरी गाठणारच, म्हणून लिहितोय.

आमच्या वाळूजच्या शेडमध्ये तीन वर्षांपासून एक गाडी बनतेय. 1960 च्या दशकातल्या कोब्रा स्पोर्ट्सकारची प्रतिकृती, फायबरची बॉडी, रिंगा 15 इंची. पुढं 225/60 आर 15 आणि मागं 255/60 आर 15 हे माप (आधी मिलिमीटरमध्ये रुंदी, मग टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटी रिंगेचे इंच) मी चाकाच्या कमानीत पट्टी धरून पक्कं केलं होतं. ज्यांनी असली गाडी केलीय त्यांना माहीत आहे, की 15 च्या रिंगेत रुंद आणि बुटका टायर मिळणं म्हणजे काय दिव्य असतं. जालना रोडपासून पार लातूरपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडं एकच उत्तर: "15 मध्ये जीपचा 235/75 घ्या, नाहीतर रिंग बदला." रिंगा बदलल्या असत्या तर त्या गाडीचं रूपच गेलं असतं. सहा महिने मी वणवण फिरलोय. उतावळेपणा केला असं कुणी म्हणू नये.

आणि मग हा माणूस भेटला, इंटरनेटवरच्या जाहिरातीतून. गोडाऊन पुण्याला म्हणाला. बोलणं इतकं माहितगार की मला कुणीतरी आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. "दादा, 2020 पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आलेत, हा जुन्या परवान्यातला शेवटचा सेट आहे." निर्बंधाची गोष्ट खरी आहे, जून 2020 ला ते आलेच होते. खरी गोष्ट पुढं करून खोटा माल खपवायचा, ही त्याची पद्धत. पुढचे 14,500 ला एक, मागचे 18,250 ला एक, वाहतूक 3,200. मागचं 255/60 संपलंय, 255/70 देतो, "रिंग तीच 15, मागून भारदस्त दिसेल." माझ्या वहीत 255/60 ची उंची 687 मिलिमीटर लिहिलेली होती. 255/70 ची 738 येते. 51 मिलिमीटरचा फरक, दोन मिनिटांचा हिशोब. तो मी माल आल्यावर केला.

पण मला जो क्षण झोपू देत नाही तो वेगळाच आहे. 10 मार्चच्या रात्री त्यानं टायरच्या बाजूचे फोटो पाठवले. टायरच्या कोडच्या सुरुवातीची डीओटी ही अक्षरं होती, पुढं कोड होता, पण शेवटचे चार आकडे नव्हते. आठवडा आणि वर्ष सांगणारे तेच आकडे. मी विचारलं, तारीख कुठं आहे? तो म्हणाला, "दादा, ती एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला." हेही खरंच आहे! बऱ्याच टायरवर पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. मला हे माहीत होतं, म्हणूनच मी गप्प बसलो. दुसऱ्या बाजूचा फोटो पाठव, एवढंच म्हणायचं होतं. फोन हातात होता. तरी तेवढं म्हणालो नाही.

19 मार्चला टायर आले. काळेभोर, चकाचक, पॉलिशचा वास शेडभर. ओल्या फडक्यानं एक बाजू पुसली तर फडकं काळं झालं आणि खाली केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. नखानं दाबलं तर रबर लाकडासारखं. तीन टायरवर आकड्यांची जागा ग्राइंडरनं घासलेली, हात फिरवला की खड्डा लागतो. चौथ्यावर घासायचं राहिलं होतं: 3412. म्हणजे 2012 चा चौतिसावा आठवडा. आयएसआयचा शिक्का एकावरही नव्हता. आमच्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, डांबर पाघळतं. समृद्धीवर टायर फुटून काय होतं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. या टायरवर माझा पोरगा शेजारी बसणार होता.

त्यानं फोन घेणं 20 तारखेलाच बंद केलं.

आता पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी, "गोडाऊन पुण्याचं, बिल दिल्लीचं, आमच्या हद्दीत काय घडलं?" अहो, जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे, गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची आहे! हे बोललो तर तोंड फिरवलं आणि विचारलं, "गाडीचे कागद दाखवा. असली गाडी चालते का रस्त्यावर?" गाडी शेडच्या बाहेर अजून आलेलीच नाही. मी चोराची तक्रार घेऊन गेलो आणि जबाब माझाच घेतला. घासलेले टायर दाखवायला रिक्षात घालून नेले होते, ते कुणी खाली उतरवूनसुद्धा बघितले नाहीत. बँकेत गेलो, तिथं सांगितलं की व्यवहार तुम्हीच केलाय, आम्ही काही करू शकत नाही. पाच चकरा, कामाचे पाच दिवस बुडाले, हातात एक पोचपावती.

पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करा, त्याच तासात. मी नवव्या दिवशी केला, तोवर खात्यात काय राहणार! बिलावरचा जीएसटी क्रमांक आगाऊ मागा, पैसे देण्याआधी. महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो, माझ्या बिलावर 07 होता, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो. टायरच्या दोन्ही बाजूंचा व्हिडिओ मागा, त्यात आजची तारीख लिहिलेला कागद टायरवर ठेवायला सांगा. माप विक्रेत्याला ठरवू देऊ नका. रुंदीला टक्क्यानं गुणा, दुप्पट करा, रिंगेचे इंच 25.4 नं गुणून त्यात मिळवा, मगच हो म्हणा. आणि खोकं उघडताना कॅमेरा चालू ठेवा. माझा होता, तेवढं एक बरं केलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. टायर शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहेत. परवा ऊसतोडीच्या टायरगाड्या करणारा एक जण चारही टायर 4,000 ला मागत होता. मी दिले नाहीत. ते पुरावा आहेत, आणि त्या गाडीच्या उसावर माणसं बसतात.