एक नोंद, तीन हिशेब: रेफरन्स घ्यावा, डुप्लिकेट करावं की दुसरंच काही?

रावेर-सावद्याकडच्या केळीच्या पेढीवर रोजची नोंद एकच असते: तारीख, शेतकऱ्याचा खाते क्रमांक, गाव, गाडी, क्विंटल, भाव, भरणारी टोळी. कागद मात्र तीन निघतात. शेतकऱ्याचा चुकारा, गाडीवार रवानगी आणि टोळ्यांची मजुरी. रिकाम्या ओळी काढणं, तारखा एकसारख्या करणं, वजावट घालून निव्वळ वजन काढणं हे काम तिन्हींसाठी सारखंच. ते एकदा करून तीनदा वापरायचं, आणि तेही कोड न लिहिता, तर एक्सेलची पॉवर क्वेरी, म्हणजे माहिती आणून साफ करण्याची सोय, बहुतेकांना पुरते. त्यातल्या पायऱ्यांच्या साठवलेल्या मालिकेला क्वेरी म्हणतात. विंडोजवर एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी डेटा टॅबमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

तयार क्वेरीवर राइट क्लिक केलं की डुप्लिकेट आणि रेफरन्स असे दोन पर्याय दिसतात. नवखा माणूस हमखास डुप्लिकेटकडे जातो, कारण त्याचा अर्थ लगेच कळतो. त्यात सगळ्या पायऱ्यांची नक्कल होते आणि तिथून दोन्ही क्वेरींचा संबंध संपतो. उद्या मूळ फाइलमध्ये ‘वजन’ या रकान्याचं नाव ‘निव्वळ वजन’ झालं, तर दुरुस्ती तीन ठिकाणी करायची. एक जागा राहून गेली तर निदान एरर तरी येते. पण वजावटीचं प्रमाण बदललं आणि ते एकाच क्वेरीत बदललं, तर एररही येत नाही. चुकारा एका वजनावर निघतो, मजुरी दुसऱ्या.

रेफरन्समध्ये नव्या क्वेरीची पहिली पायरी म्हणजे फक्त जुन्या क्वेरीचं नाव. ‘आवक’ नावाची पायाभूत क्वेरी ठेवा, ती शीटवर न उतरवता ‘ओन्ली क्रिएट कनेक्शन’ म्हणून ठेवा आणि तिच्यावरून तिन्ही कागद काढा. तिचं नाव बदललं तरी खालच्या क्वेरींत आपोआप बदलतं. तिच्यावर कुणी अवलंबून असेल तर एडिटर ती पुसूही देत नाही. पेढीवर दोन-तीन जणांचे हात लागत असतील तर ही फार मोठी सोय आहे.

धोका उलट बाजूने आहे. कुणी सहज बघण्यासाठी ‘आवक’मध्येच फक्त यावलच्या ओळींचा फिल्टर लावला आणि तसाच सोडला, तर तिन्ही कागदांतून बाकीची गावं गायब होतात, तीही निमूटपणे. म्हणून पाया आणि तपासणी वेगळी ठेवावी: काही पडताळून पाहायचं असेल तर ‘आवक’चा आणखी एक रेफरन्स काढून त्यात हवा तो फिल्टर लावा. शिवाय रेफरन्स घेतला म्हणजे फाइल एकदाच वाचली जाईल, अशी खात्री धरू नका. अख्ख्या हंगामाच्या फाइली एका फोल्डरमधून येत असतील तर रिफ्रेश रेंगाळू शकतो.

माझं मत विचाराल तर रेफरन्स. डुप्लिकेट फक्त तेव्हा, जेव्हा नवी क्वेरी सुरुवातीपासूनच वेगळ्या वाटेने जाणार आहे, म्हणजे कापसाच्या आवकेसाठी केळीचा साचा उचलायचा असेल तेव्हा. पहिल्या क्वेरीचा निकाल शीटवर उतरवून तिथून दुसरी क्वेरी काढणं हा तिसरा मार्ग चालतो, पण ‘रिफ्रेश ऑल’ एकदा दाबून आकडे जुनेच दिसू शकतात, मग पुन्हा दाबायचं. टाळा.

दोन क्वेरींच्या ओळी एखाद्या समान रकान्यावरून जोडायच्या असतील तर मर्ज. जोडणी नावावर करू नका. आपल्याकडे एका गावात पाटील, चौधरी, महाजन किती निघतील याला मोजदाद नाही, आणि शेवटी एखादी रिकामी जागा राहिली तरी मर्जला ते नाव वेगळंच वाटतं. फझी मॅचिंगची सोय आहे, पण पैशाच्या हिशेबात ‘साधारण सारखं’ चालत नाही. खाते क्रमांकच घ्या, आणि शेतकरी यादीत तो दोनदा नाही ना, हे आधी बघा. नाहीतर जोडताना त्याच्या ओळी दुप्पट होतात आणि क्विंटलही. मर्जमधला लेफ्ट अँटी हा प्रकार मला सगळ्यात उपयोगी वाटतो: आवकेत आहे, पण चुकारा दिल्याच्या नोंदीत नाही, अशी थकीत यादी तो थेट काढून देतो.

अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये हीच कल्पना आधीपासून आहे. साठवलेली क्वेरी टेबलासारखीच दुसऱ्या क्वेरीच्या डिझाइनमध्ये ओढता येते, आणि न जुळणाऱ्या ओळी शोधायला वेगळा विझार्ड आहे. नोंदी करणारे अनेक जण असतील आणि संगणक विंडोजचे असतील तर अ‍ॅक्सेस एक्सेलपेक्षा शिस्तीचं. मात्र ते शिकवायला कोणीतरी जवळ हवं.

मालक बऱ्हाणपूरला लिलावात आणि दिवाणजी पेढीवर, दोघांनाही फोनवर आकडे हवेत, असं असेल तर गूगल शीट्समधला इम्पोर्टरेंज हा फॉर्म्युला बरा. एकदा परवानगी दिली की दुसऱ्या फाइलमधला भाग इकडे दिसतो. इथे पायऱ्या नाहीत, फक्त तयार आकडे येतात. आणि कोणता भाग आणायचा हे फॉर्म्युल्यात साध्या मजकुरासारखं लिहिलेलं असतं. मूळ शीटमध्ये कुणी मध्येच रकाना घातला तर फॉर्म्युला जुन्याच जागेकडे बघत राहतो, भावाच्या जागी क्विंटल येऊ शकतात. नवा रकाना लागलाच तर तो उजवीकडे, सगळ्यात शेवटी घालायचा, आणि हे दिवाणजींना आधीच सांगून ठेवा.