रिपोर्ट खरा होता, लाद्या खोट्या निघाल्या

एकवीस वर्षं पुतळे ओततोय आणि मला गनमेटल (पुतळ्यासाठीचा तांबं-कथलाचा मिश्रधातू) म्हणून पितळ विकलं गेलं. लिहायला लाज वाटते. पण तो विकणारा माणूस अजून कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव औद्योगिक पट्ट्यात गिऱ्हाईकं शोधत फिरतोय, म्हणून लिहितोय. नाव टाकू नका म्हणून वकिलांनी बजावलंय.

काम एका गावच्या सात फुटी शिवपुतळ्याचं, १९ फेब्रुवारीच्या आत बसवायचा. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळला, तेव्हापासून माझ्याकडे येणारी प्रत्येक समिती आधी धातूचं विचारते. करारातच ८५-५-५-५ लिहिलेलं: तांबं ८५ टक्के, कथील, जस्त, शिसं पाच-पाच.

मला सगळीकडे किलोला ७२५ रुपयांचा दर सांगत होते, हा ६४० म्हणाला. तिथंच कळायला हवं होतं म्हणाल. अहो, दर रोज हलतो, कुणाकडे जुना माल पडून असतो, उद्यमनगरात असे सौदे होतातच. शिवाय लॅबला चला, हे तोच म्हणाला. माझ्यासमोर लादीचा, म्हणजे धातूच्या ओतीव विटेचा, तुकडा कापला, स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवला, तांबं ८४.९, कथील ५.१. झकास. फक्त ती लादी त्यानं गाडीच्या डिकीतून काढली होती. गोदामातल्या थप्पीतली मी निवडलेली नव्हती. नमुना स्वतः उचला, मधल्या थरातला उचला, आणि लॅबही आपली निवडा.

माल घेतला ५४० किलो. २०० किलोचं बिल, जीएसटीसकट १,५१,०४० रुपये, आरटीजीएसनं. बाकी ३४० किलोचे २,१७,६०० रोख, बिनबिलाचे. घाला शिव्या. समितीनं ॲडव्हान्स तुटपुंजा दिलेला, टॅक्स वाचला तर तेवढाच आधार वाटला. एकूण ३,६८,६४०.

आता जे रात्री झोपू देत नाही ते सांगतो. टेम्पो उतरवताना रिपोर्ट माझ्या शर्टाच्या खिशात होता. त्यावर हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या मालाचा नंबर) छापलेला. लाद्यांवरही नंबर ठोकलेला, दुसराच. मी लाद्या मोजल्या, वजनकाट्याची पावती दोनदा तपासली, पोरांना चहा सांगितला. खिशातला कागद काढून लादीशेजारी धरायला किती वेळ लागला असता? तो धरला नाही.

दुसरी खूण मुशीनं, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यानं, दिली. पहिल्याच हीटला पांढरा धूर उठला आणि मुशीच्या काठावर कापसाच्या म्हातारीसारखी पांढरी लव बसली. आमचे भट्टीवरचे मामा म्हणाले, "मालक, धूर लई पांढरा यायलाय." मी म्हटलं, "ओता मामा, मेणाचे साचे भाजून तयार हाईत." जस्त ९०७ अंशांना उकळतं, आम्ही ओततो ११५० च्या आसपास, म्हणून जस्ताचा पांढरा धूर होतो. पाच टक्के जस्तालाही थोडा धूर येतोच, तेवढंच असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. मामांनी पुन्हा काही म्हटलं नाही. आजही म्हणत नाहीत, त्याचंच जास्त लागतं.

छातीचा भाग घासला तेव्हा रंग पिवळसर दिसला, पेटिनाही (पुतळ्यावर रसायनानं चढवतात तो गडद रंग) नेहमीसारखा चढेना. लाद्यांना ड्रिल मारून आतला चुरा दुसऱ्या लॅबला दिला. वरची कातडी देऊ नका, आतलाच द्या. तांबं ७४, जस्त १७, शिसं ७, कथील ०.८. कथील तांब्याच्या कितीतरी पट महाग आणि जस्त तांब्याहून बरंच स्वस्त, म्हणजे त्याची कमाई कुठं झाली ते आलं लक्षात. तोवर १८० किलो ओतून झालेलं.

पोलीस ठाण्यात गेलो. गनमेटल म्हटल्यावर हवालदार ताठ बसले, "बंदुका बनवता काय?" पुतळा म्हटल्यावर पुन्हा सैल. साहेबांचं म्हणणं, हा दिवाणी मामला. दाखवलेला माल वेगळा, दिलेला वेगळा, ही फसवणूक नाही तर काय? पण रोख रकमेची पावती मागितली की माझं तोंड बंद. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेला माल, तिथं टिकणार नाही. वैधमापनवाल्यांनी (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) वजन विचारलं. वजन बरोबर! अहो, वजनाची तक्रार कोण करतंय? ज्या कार्यालयात धातू म्हणजे काय हे सांगावं लागतं, तिथं भेसळ कशी समजावणार? जीएसटीकडे जावं तर आधी मीच अडकतो, आणि हे त्या लबाडाला पक्कं माहीत होतं. अर्धवट बिल ही त्याची सवलत नव्हती, माझ्या तोंडाला लावलेलं कुलूप होतं.

दोन लाद्या दोघांच्या सहीनं सीलबंद ठेवा. मी ठेवल्या असत्या तर आज "तुम्हीच बदलल्या असतील" हे ऐकावं लागलं नसतं.

नवा माल ७२५ नं घेतला, बायकोच्या पाटल्या गहाण आहेत. उरलेलं ३६० किलो ताडपत्रीखाली पडलंय. त्याच्याच ओळखीचा एकजण परवा येऊन ४०० नं मागत होता. हाकलला. उद्या पाचव्यांदा ठाण्यात जायचंय. साहेब अकराला भेटतील म्हणालेत. मागच्या खेपेलाही अकरालाच भेटणार होते.