अतिवृष्टीचं अनुदान, खरीप 2025 : आमचा अनुभव, 5 पैकी 2 स्टार

आधी चांगलं सांगतो. माझ्या नावावरच्या 80 आरचे (100 आर म्हणजे 1 हेक्टर) पैसे काही न करता आले. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) आधीच काढला होता म्हणून केवायसीची, म्हणजे ओळख पडताळणीची भानगडच नव्हती, दिवाळीनंतर एक दिवस शेळ्यांना घास कापत होतो तर मोबाईल वाजला, 6,800 जमा. हिशोब पण बरोबर. एक स्टार ह्याचा.

आता अण्णांचं, म्हणजे वडलांचं ऐका.

सीनेकाठचं रान आमचं. सप्टेंबरात चार दिवस पाणी उभं, सोयाबीन ऐन शेंगात, पाणी उतरून बघतोय तर शेंगेतच कोंब फुटलेले. पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं आले (ती माणसं पण गुडघाभर चिखलातच हिंडत होती, खोटं कशाला बोला), बांधावरनं फोटो काढला, गेले. यादी लागली तर अण्णांचं क्षेत्र 1 हेक्टर 20 आरच्या जागी 70 आर! का, तर गट सामाईक, बाकीच्याला चुलत्याचं संमतीपत्र पाहिजे. चुलता पुण्याला, त्यात बोलणं बंद.

बरं म्हणलं 70 तर 70. अण्णांचा फार्मर आयडी पेंडिंग, त्यामुळं यादीतला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) घेऊन सेतू केंद्रात जाऊन ई-केवायसी. सकाळी आठला नंबर लावला, दुपारी दोनला मशीनपुढं बसलो आन् अंगठाच उमटंना. सत्तरीच्या माणसाचा, जलमभर खुरपं धरलेला अंगठा, त्यावर रेषा राहिल्यात कुठं? पोरगं म्हणतंय काका डोक्याला पुसा, काका जरा दाबून धरा, अण्णा आपले प्रत्येक बोट डोक्याला पुसून पुसून ठेवतायत. शेवटी डोळ्याचं मशीन दुसऱ्या सेंटरला होतं तिथं झालं.

तरी पैसे नाहीत. बँकेत पासबुक भरून आणलं, शून्य. मग चौकशी केल्यावर कळालं, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलंय तिकडं पैसे जातात, आणि अण्णांचं आधार होतं कवातरी सिमकार्ड घेताना उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याला, जे खातं आहे हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. 5,950 रुपये तिथं गपचिप पडलेले. ते काढायला अजून दोन चकरा. तुम्ही केवायसीच्या आधी एवढं एक बघून घ्या.

दराबद्दल काय बोलायचं. पेपरात 31,628 कोटींचं पॅकेज, इकडं कोरडवाहूला हेक्टरी 8,500, म्हणजे एकरी 3,400. नुसती काढणीची मजुरी आमच्याकडं त्याच्या वर जाती. जानेवारी 2024 च्या जीआरला (शासन निर्णयाला) हाच दर 13,600 होता, मे 2025 ला परत खाली आणला आणि चारच महिन्यांत पूर. पुरानंतर मदतीची मर्यादा 2 ची 3 हेक्टर केली खरी, पण आमच्यासारख्या गुंठ्यात मोजणाऱ्यांना त्याचं काय. रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी 10,000 वेगळे दिले, दुसरा स्टार त्याला, कारण त्यावर ज्वारी पेरली.

अण्णांचे राहिलेले 50 आर तसेच आहेत. परवा आईनं चुलतीला फोन लावला होता, म्हणाली बघते.